रसातला चुना, मळीतलं पोटॅश

लेखांक ६

बीड जिल्ह्यात तेलगावला, सुंदरनगरात, लोकनेते सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. बीड म्हटलं की बाहेरच्याला आधी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या आठवतात. पण माजलगाव धरणाच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस पिकतोही आणि इथेच गाळलाही जातो. गव्हाणीत मोळी पडल्यापासून पोत्यात साखर भरेपर्यंत उसाचं जे जे होतं, त्यात रसायनशास्त्राच्या पुस्तकाचे निम्मे धडे येऊन जातात. आजच्या लेखाला त्यातली दोनच मूलद्रव्यं पुरेत : पोटॅशियम आणि कॅल्शियम. आवर्तसारणीत ही एकमेकांना लागून बसतात, अणुअंक १९ आणि २०. कारखान्यात मात्र त्यांच्या वाटा फुटतात. कॅल्शियम बरंचसं गाळाबरोबर खाली बसतं आणि प्रेसमडच्या ट्रॉलीतून बाहेर पडतं. पोटॅशियम सगळे टप्पे पार करतं, आणि साखर निघून गेली तरी मळीत विरघळलेलंच राहतं.

मागच्या आठवड्यात आपण कवचं भरायला शिकलो. त्या हिशेबाने पोटॅशियमची मांडणी २, ८, ८, १ आणि कॅल्शियमची २, ८, ८, २. सगळ्यात बाहेरच्या कवचातले हे इलेक्ट्रॉन म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉन. अणूचा बाहेरच्या जगाशी व्यवहार होतो तो यांच्यामार्फत. पोटॅशियमने एक सोडला की त्याचा K⁺ हा धन आयन उरतो, कॅल्शियमने दोन सोडले की Ca²⁺. आता दोघांपाशीही १८-१८ इलेक्ट्रॉन राहतात, म्हणजे दोघांची मांडणी अरगॉनसारखी, अगदी एकसारखी. फरक केंद्रकात आहे. तेवढ्याच अठरांना पोटॅशियमचे १९ प्रोटॉन ओढतात, तर कॅल्शियमचे २०. त्यामुळे कॅल्शियमचा आयन अंग चोरून लहान होतो : त्रिज्या साधारण १०० पिकोमीटर, पोटॅशियमच्या आयनाची १३८. आकार कमी आणि प्रभार दुप्पट, या दोन गोष्टी लक्षात असू द्या; पुढचं सगळं त्यांच्यावरच चालतं.

शाळेतल्या चित्राविषयी माझी एक तक्रार आहे. चित्रात धातूचा अणू हसतमुखाने इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीनचा अणू तितक्याच आनंदाने घेतो, दोघांची अष्टकं भरतात आणि धडा संपतो. यातून मुलांची अशी समजूत होते की धातूला तो इलेक्ट्रॉन टाकायचाच होता. आकडे पाहिले तर तसं दिसत नाही. एक मोल पोटॅशियमच्या अणूंपासून एकेक इलेक्ट्रॉन काढायला ४१९ किलोज्यूल ऊर्जा खर्चावी लागते. क्लोरीनच्या अणूंनी ते इलेक्ट्रॉन घेतले की ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत ७० किलोज्यूलचा तोटाच आहे. अष्टक भरल्याचा आनंद वगैरे काही असेल, तर तो या जमाखर्चात दिसत नाही.

मग हा व्यवहार होतोच कशाला? कारण तो दोन अणूंपुरता राहत नाही. धन आणि ऋण आयन एकमेकांकडे ओढले जातात, आणि प्रत्येकाभोवती विरुद्ध प्रभाराचे आयन सहाही बाजूंनी येऊन बसतात. वर, खाली, चहूकडे अशी जाळी रचली जाताना एका मोलमागे सातशेहून अधिक किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. सुरुवातीचे ७० म्हणजे तेलगावकडच्या भाषेत उचल घेतल्यासारखं झालं. जाळी रचताच ती फिटते आणि वर भरपूर उरतं. (माणसांची उचल एवढ्या सहज फिटत नाही, तो विषय वेगळा.) ऊर्जेचा हा जमाखर्च १९१९ मध्ये माक्स बोर्न आणि फ्रिट्झ हाबर यांनी मांडून दाखवला. त्याआधी तीन वर्षं, १९१६ मध्ये, वाल्टर कोसेलने आयनिक बंधाचं चित्र स्पष्ट केलं होतं. आयनिक बंध म्हणतात तो हाच, जाळीभर पसरलेल्या ओढीचा. इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण ही त्याची फक्त तयारी.

कॅल्शियमचा हिशेब जास्त बोलका आहे. पहिला इलेक्ट्रॉन काढायला ५९० किलोज्यूल, दुसरा काढायला १,१४५. म्हणजे दुसऱ्याला जवळजवळ दुप्पट किंमत. तरीही कॅल्शियम दोन्ही देऊन बसतं. तिसऱ्याची किंमत मात्र एकदम ४,९१२, कारण तो आतल्या भरलेल्या कवचातून उपसावा लागतो. पोटॅशियमचा हाच कडा दुसऱ्याच इलेक्ट्रॉनला लागतो : ४१९ वरून थेट ३,०५२. कॅल्शियम दोनवर थांबतं आणि पोटॅशियम एकावर, ते या कड्यामुळे.

दोन इलेक्ट्रॉनांसाठी मोजलेले १,७३५ किलोज्यूल कॅल्शियमला परत कुठून मिळतात? पुन्हा जाळीतूनच. दोन आयनांमधली ओढ त्यांच्या प्रभारांच्या गुणाकारावर ठरते. पोटॅशियम क्लोराइडमध्ये एक गुणिले एक, म्हणजे एक. कॅल्शियम ऑक्साइडमध्ये, म्हणजे आपल्या कळीच्या चुन्यात, दोन गुणिले दोन, म्हणजे चार. त्यातून आयन लहान असल्याने जवळ सरकतात, आणि ओढ आणखी वाढते. चुन्याच्या जाळीची ऊर्जा साधारण ३,४०० किलोज्यूल भरते. पोटॅशियम क्लोराइडची चौपट करून पाहा, त्याच्याही पुढेच जाते.

आता कारखान्यात जाऊ. मिलमधून निघालेला रस आंबट असतो, त्याचा सामू पाच-साडेपाचच्या आसपास. अशा आंबट रसाला उष्णता दिली की साखरेचा रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि तेवढी साखर हातची जाते. म्हणून रसात पाण्यात कालवलेला चुना सोडतात. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीत चुना टाकतो तोही याचसाठी. पांढरी साखर करणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत चुन्याच्या जोडीला गंधक जाळून त्याचा वायूही रसात सोडतात. टनाला साधारण दीड-दोन किलो चुना आणि अर्धा किलोच्या आसपास गंधक, इतक्यावर भागतं. रसाचा सामू सातच्या जवळ आणायचा आणि मग त्याला उकळीपर्यंत तापवायचं.

गंधकाचा वायू पाण्यात विरघळून सल्फाइट आयन तयार होतो, प्रभार उणे दोन. उसाच्या रसात मुळातच फॉस्फेट असतं आणि ते कमी पडलं तर फॉस्फोरिक आम्ल घालून वाढवतात. फॉस्फेटचा प्रभार उणे तीन. या दोन्ही आयनांच्या आत अणू सहसंयुज बंधाने, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेऊन, बांधलेले असतात, पण बाहेरच्यांशी वागताना अख्खा गट एका आयनासारखा वागतो. असे दोन आणि तीन प्रभारांचे आयन समोर असताना कॅल्शियमचा दुहेरी प्रभाराचा लहानसा आयन आला की पाण्याचं काही चालत नाही. एरवी पाण्याचे रेणू आयनाला घेरून जाळीतून सोडवून नेतात. विरघळणं म्हणजे हीच पाण्याची आणि जाळीची ओढाताण. एकेरी प्रभारांच्या क्षारांत बहुधा पाणी जिंकतं : शंभर मिलिलिटर पाण्यात पोटॅशियम क्लोराइड ३४ ग्रॅम विरघळतं. कॅल्शियम सल्फाइट तेवढ्याच पाण्यात जेमतेम काही मिलिग्रॅम. या नियमाला अपवाद आहेत, कॅल्शियम क्लोराइड पाण्यात भराभर विरघळतं. पण रसशुद्धीच्या टाकीत नियमच कामी येतो.

कॅल्शियम सल्फाइट आणि कॅल्शियम फॉस्फेट यांचा साका खाली बसताना रंगद्रव्यं, मेण, मातीचे सूक्ष्म कण सोबत ओढून नेतो. टाकीच्या वरच्या बाजूने निवळ रस पुढे जातो, खालचा गाळ फिल्टरवर पिळून प्रेसमड म्हणून निघतो आणि पुढे शेतात खत म्हणून पडतो. आणखी एक गंमत : साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियम सल्फाइट मात्र कमी. म्हणून साका बसवण्यापूर्वी रस उकळीला नेणं फायद्याचं ठरतं. पण हाच गुण पुढे त्रासही देतो. निवळ रसात थोडं कॅल्शियम उरतंच. रस आटवण्याच्या गरम नळ्यांवर त्याच्या क्षारांचा थर धरतो, उष्णता आत पोचेना होते, आणि मग कॉस्टिक सोडा उकळून नळ्या साफ कराव्या लागतात.

इथे सूत्रांविषयी एक खुलासा करायला हवा. कॅल्शियम फॉस्फेटचं सूत्र Ca₃(PO₄)₂ असं लिहितात : तीन कॅल्शियमचे अधिक सहा, दोन फॉस्फेटचे उणे सहा, जमाखर्च शून्य. पण तीन कॅल्शियम आणि दोन फॉस्फेट यांचा सुटा असा रेणू कुठेच नसतो, हे फक्त प्रमाण आहे. मिठाचंही तसंच. १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या मदतीने मिठाच्या स्फटिकाची रचना शोधली तेव्हा त्यात सोडियम क्लोराइडची जोडी सापडलीच नाही. एकाआड एक बसलेल्या आयनांची न संपणारी जाळी सापडली. हेन्री आर्मस्ट्राँग नावाच्या मुरब्बी इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला हे इतकं खटकलं की १९२७ मध्येही तो ‘नेचर’मध्ये पत्र लिहून मिठाच्या या बुद्धिबळाच्या पटावर तोंडसुख घेत होता. पट टिकला. साखरेचा मात्र खराखुरा रेणू असतो, ४५ अणूंचा, एकाच तुकड्यात. चुना, गंधक, फॉस्फेट यांची धुमश्चक्री चालू असताना तो अलिप्त राहतो, कारण त्याच्यावर प्रभारच नाही. साखर शुद्ध करता येते ती याच भेदाच्या जोरावर.

आता पोटॅशियम. ऊस जमिनीतून ते भरपूर उचलतो. उचलतो तो आयन. शेतात, उसात, रसात कुठेही पोटॅशियमचा धातुरूप अणू नसतो. तो पाहायला माणसाला १८०७ साल उजाडावं लागलं, जेव्हा हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडून ती चकचकीत धातू सुटी केली. पुढच्याच वर्षी त्याने कॅल्शियमही सुटं केलं. रसातला पोटॅशियमचा आयन मोठा, एकेरी प्रभाराचा. सल्फाइटशी, फॉस्फेटशी त्याची गाठ पडते पण जाळी जमत नाही, पाणी त्याला सोडत नाही. तो चुन्याला चुकवून पुढे जातो, पॅनमध्ये साखर दाणे धरते तेव्हाही द्रावणातच राहतो. नुसता राहतो असंही नाही. पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार मळीत साखरेलाही धरून ठेवतात, तिचा दाणा पडू देत नाहीत. चोपण जमिनीतला किंवा खाऱ्या पाण्यावरचा ऊस कारखान्याला नको असतो त्याचं एक कारण हे आहे. एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेली उसाची किमान किंमत, साखरेच्या उताऱ्याला बांधलेली असल्याने ते शेतकऱ्याच्या हिशेबातही उतरतं. साखरेत असे किती क्षार राहिले हे कारखान्याची प्रयोगशाळा वीज सोडून ओळखते. साखरेचं पाणी वीज वाहत नाही, आयन वाहतात. म्हणून द्रावणाची विद्युतवाहकता मोजली की क्षारांचं प्रमाण कळतं.

मळी डिस्टिलरीत जाते, तिच्यातल्या साखरेचा अल्कोहोल होतो, आणि पोटॅशियम तिथेही मागे उरतं, स्पेंट वॉश नावाच्या गडद सांडपाण्यात. ते आटवून जाळलं की पोटॅशयुक्त राख मिळते. केंद्र सरकारने आता ती खत म्हणून अनुदानाच्या यादीत घेतली आहे : पीडीएम, म्हणजे मळीपासूनचं पोटॅश, त्यात १४.५ टक्के पोटॅश. दुकानातल्या लालसर म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये हे प्रमाण ६० टक्के असतं, पण ते जवळपास सगळं परदेशातून येतं. दोन्ही आकडे K₂O या संयुगाच्या हिशेबात छापतात. म्युरेटच्या गोणीत K₂O चा कणही नसतो, असतं ते पोटॅशियम क्लोराइड. खतांच्या व्यापारातली ही जुनी रीत अजून कुणी मोडलेली नाही.

पुढच्या आठवड्यात त्या ४५ अणूंच्या रेणूकडे, म्हणजे सहसंयुज बंधाकडे.