मोटारीतील मार्गदर्शक यंत्र : गाडीतलेच घ्यावे की सुटे?

मोटार किंवा पिकअप खरेदी करण्यास शेतकरी विक्रेत्याकडे गेला म्हणजे एकाच गाडीचे तीन-चार प्रकार त्याच्यापुढे मांडले जातात. त्यांपैकी वरच्या दर्जाच्या प्रकारात समोर मोठा पडदा असून त्यावर रस्त्याचा नकाशा दिसतो. ही सोय बहुधा स्वतंत्रपणे विकत मिळत नाही. ती हवी असल्यास गुळगुळीत आसने, रंगीत दिवे इत्यादी अनेक गोष्टींची किंमतही द्यावी लागते. अशा वेळी हे यंत्र गाडीतलेच घ्यावे, की काचेजवळ बसविण्याचे सुटे यंत्र अथवा खिशातील मोबाइल पुरेल, याचा विचार खरेदीपूर्वीच झालेला बरा. नारायणगावाहून टोमॅटो भरून रात्री निघालेली गाडी माळशेज घाटातील धुक्यात वाट चुकली व पहाटेच्या लिलावानंतर कल्याणला पोचली, तर होणारे नुकसान यंत्राच्या किमतीपेक्षा लहान नसते.

दोन्ही प्रकारांचे मूळ तत्त्व एकच आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह अचूक घड्याळाची वेळ सतत प्रक्षेपित करीत असतात. ही वेळ यंत्रापर्यंत पोचण्यास लागलेल्या अवधीवरून त्या त्या उपग्रहाचे अंतर काढले जाते, आणि किमान चार उपग्रहांच्या अंतरांवरून गाडीचे स्थान निश्चित होते. एका सेकंदाच्या दहा लक्षांश भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. यावरून घड्याळाचे महत्त्व ध्यानी येईल. १९९५ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झालेली ही व्यवस्था अमेरिकेची आहे. भारतानेही आपल्या ‘नाविक’ व्यवस्थेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. ‘रेंज गेली म्हणजे नकाशाही गेला’ असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः उपग्रहाचा संकेत घेण्यास मोबाइलच्या मनोऱ्याची गरज नसते. मनोरा लागतो तो नकाशाचे चित्र आणण्यासाठी, रहदारीची वार्ता कळण्यासाठी आणि पहिले स्थान लवकर सापडण्यासाठी. म्हणून ज्याने घरीच आपल्या प्रवासाच्या पट्ट्याचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवला आहे, त्याला घाटातही मार्ग दिसतो. केवळ पुढे गाड्या खोळंबल्या आहेत हे त्याला कळत नाही. उतरवलेला नकाशा मात्र मधून मधून ताजा करावा लागतो.

गाडीतल्या यंत्राचे खरे बळ निराळेच आहे. त्याचा संकेतग्राहक साधारणतः छतावर असल्याने त्याला आकाश अधिक मोकळे मिळते. शिवाय, अशा अनेक यंत्रांना चाकांचे फेरे व गाडीचे वळणे यांची माहिती मिळत असते. त्यामुळे बोगद्यात उपग्रह दिसेनासे झाले तरी गाडी किती पुढे गेली याचा हिशेब चालू राहतो. समृद्धी महामार्गावर इगतपुरी-कसाऱ्याजवळ सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे. तेथे मोबाइल काही काळ अंदाजाने चालतो व मग थबकतो. बोगदा सरळ असता यात फारसे बिघडत नाही. पण बाहेर पडताच फाटा असेल, तर सूचना उशिरा मिळते. विजेवर चालणाऱ्या मोटारीत तर अंगच्या यंत्राला घटमालेतील शिल्लक ठाऊक असते, आणि वाटेत कोठे विद्युतभरण करावे हे ते सांगू शकते. अशी गाडी घेणाराने अंगच्या यंत्राला अवश्य झुकते माप द्यावे.

इतरांच्या बाबतीत पारडे दुसरीकडे झुकते, आणि त्याचे कारण नकाशाचे वय हे होय. मोटार दहा-पंधरा वर्षे वापरली जाते; नकाशा मात्र दोन वर्षांतच शिळा होतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी भाग डिसेंबर २०२२ मध्ये, तर अखेरचा इगतपुरी-आमणे भाग ५ जून २०२५ रोजी खुला झाला. २०२१ च्या नकाशावर भर पडली नसेल, तर त्या यंत्राच्या दृष्टीने हा रस्ता शेतजमीनच आहे. गाडी महामार्गावरून धावत असता पडद्यावर ती कोणाच्या तरी तुरीतून जाताना दिसेल! तसेच उस्मानाबादचे धाराशिव २०२३ मध्ये झाले. जुन्या यंत्रात नवे नाव शोधून सापडणार नाही. मोबाइलवरील नकाशा बहुधा विनाखर्च बदलत राहतो. गाडीतल्या यंत्रासाठी मात्र काही ठिकाणी सेवाकेंद्रात जावे लागते, तर काही कंपन्या आरंभीची वर्षे संपल्यावर वार्षिक वर्गणी घेतात. ही रक्कम किती व केव्हापासून, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

सुट्या यंत्राचे दोषही लहान नाहीत. वैशाखातील उन्हात काचेजवळ ठेवलेला मोबाइल तापून बंद पडतो, आणि चिकटपट्टीची पकड नेमकी खडबडीत रस्त्यावर सुटते. ते चालकाच्या दृष्टीआड येईल असे काचेच्या मध्यभागी, किंवा हवेची पिशवी उघडते त्या जागेसमोर कधीही बसवू नये. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील सुधारणेनुसार हातातील साधन वाहन चालविताना केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, वापरता येते. ठिकाण टंकित करणे हे गाडी उभी असतानाच उरकावे.

या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे व बहुसंख्य शेतकऱ्यांना तोच परवडेल. मधल्या दर्जाच्या बऱ्याच मोटारींत स्वतःचा नकाशा नसलेला, पण मोबाइल जोडता येणारा पडदा असतो. नकाशा मोबाइलचा ताजा आणि पडदा गाडीचा मोठा, असा त्यात मेळ बसतो. तापण्याची व पकड सुटण्याची भीतीही कमी होते. केवळ नकाशासाठी वरचा प्रकार घेण्याचे प्रयोजन मग उरत नाही.

गाडी पसंत करण्यापूर्वी आपला मोबाइल तिला जोडून पाहावा. तारेने जोडला असता चालतो आणि तारेविना चालत नाही, असेही आढळते. नंतर पडद्यावर मुंबई-पुणे न शोधता आपल्या गावाचे, शक्य तर शिवारातील रस्त्याचे नाव घालावे. वडगाव म्हटले की वडगाव मावळ, वडगाव शेरी, पेठ वडगाव असे अनेक पर्याय पुढे येतात. त्यांतून आपले वडगाव निघते का, आणि तेथे नेणारा रस्ता ट्रॉलीची पाणंद तर नाही ना, हे विक्रेत्याच्या दारातच तपासता येते.