सापाचं लिंग कसं ओळखायचं, आणि 'अनिश्चित' कधी लिहायचं

पावसाळ्याच्या तोंडावर एक व्हिडिओ दरवर्षी फिरतो. बांधावर दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे, आणि खाली लिहिलेलं असतं 'नाग-नागिणीचं मीलन'. नीट बघा. बहुतेकदा त्या धामणी असतात, दोन्ही नर असतात, आणि चाललेली असते झुंज. (त्यात मराठीत 'धामण' स्त्रीलिंगी, त्यामुळे 'नर धामण' म्हणताना आपलीच जीभ अडखळते.) सापांवर काम करायचा विचार असेल, तर नर-मादी ओळखायचं काम कधी ना कधी तुमच्या वाट्याला येणार, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

नराचे प्रजनन अवयव दोन असतात, त्यांना हेमिपेनिस म्हणतात. एरवी ते शेपटीच्या मुळाशी, उलट्या केलेल्या मोज्यासारखे, आत असतात. त्यांचं तोंड अवस्करात उघडतं, म्हणजे विष्ठा, मूत्र आणि प्रजनन या तिन्हींच्या सामाईक कप्प्यात. त्यामुळे हाताने करायच्या पद्धती शेवटी एकच प्रश्न विचारतात: इथे पोकळी आहे का, आणि किती खोल?

याबद्दलचं बरंच ज्ञान पाळीव सापांवरून आलंय. बॉल पायथन हा आफ्रिकेतला छोटा अजगर अमेरिका-युरोपात खूप पाळला जातो, मी उदाहरणं मुख्यतः त्याचीच देणार आहे. आपल्याकडचे साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते पाळता येत नाहीत, आणि संशोधनासाठी पकडायलाही परवानगी लागते. ओळखीच्या सर्पमित्राने पकडलेल्या सापावर 'हात बसवून घेऊ' असं मनातही आणू नका.

सगळ्यात निरुपद्रवी म्हणजे नुसतं बघणं. नराची शेपूट साधारण लांब आणि मुळाशी जाड असते. अजगर आणि बोआंमध्ये अवस्कराच्या दोन्ही बाजूंना छोट्या नख्या असतात, त्या नरात बहुधा मोठ्या. पण समोर एकच साप असेल तर मोठ्या कशापेक्षा? अंदाज म्हणून ठीक आहे, नोंद म्हणून नाही.

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांत 'पॉपिंग' करतात. शेपटीच्या मुळाशी अंगठ्याने हलका दाब देत तो अवस्कराकडे सरकवायचा. नर असेल तर हेमिपेनिस बाहेर डोकावतात. मोठ्या सापात स्नायू दाद देत नाहीत, आणि जोर वाढवला की इजा होते. ग्रीन ट्री पायथनच्या पिल्लांची शेपूट तर इतकी नाजूक की मणके दुखावून ती कायमची वाकडी होऊ शकते. जाणकार त्यांच्यावर हे करतच नाहीत.

मोठ्या सापांसाठी 'प्रोबिंग'. गोल, बोथट टोकाची निर्जंतुक स्टीलची सळई, त्यावर पाण्यात विरघळणारं वंगण, आणि ती अवस्कराच्या कडेने शेपटीच्या दिशेला. जिथे अडेल तिथे थांबायचं आणि ती किती खवल्यांपर्यंत गेली ते शेपटीखालून मोजायचं. बॉल पायथनच्या मादीत साधारण २ ते ४ खवले, नरात त्याहून बरीच खोल. दुसऱ्या जातीला हेच आकडे लावू नका.

आता खरी मेख. पॉपिंगमध्ये हेमिपेनिस दिसले तर तो नर, संपलं. दिसले नाहीत तर? मादी असेल, किंवा नराने स्नायू आवळले असतील, किंवा तुमचा दाब कमी पडला असेल. प्रोबिंगमध्ये तर चूक दोन्हीकडे होते. नर आवळून बसला की सळई उथळ थांबते आणि 'मादी' लिहिलं जातं. मादीत जोर लावला की सळई ऊतक फाडून आत जाते आणि 'नर' लिहिलं जातं. म्हणजे जखम सापाला आणि खोटा आकडा तुमच्या तक्त्यात, एकाच वेळी. प्राण्याची काळजी आणि डेटाची काळजी इथे वेगळ्या काढता येत नाहीत, हे मला या पद्धतीबद्दल सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

शिवाय मादीच्या शेपटीत 'काहीच नसतं' हेही खरं नाही. तिथे गंधग्रंथी असतात. आणि २०२२ मध्ये मेगन फॉलवेल आणि सहकाऱ्यांनी अनेक जातींच्या माद्यांमध्ये हेमिक्लिटोरिस असल्याचं नीट दाखवलं. आधीच्या लिखाणात याची गंधग्रंथींशी किंवा अविकसित हेमिपेनिसशी गल्लत झालेली होती.

चुकीच्या नोंदीने काय बिघडतं? बॉल पायथनचा 'बनाना' नावाचा एक रंगप्रकार आहे. पाळणाऱ्यांच्या लक्षात आलं की नराला हा जनुक आईकडून आला असेल तर त्याच्या त्या रंगाच्या पिल्लांत माद्याच जास्त निघतात, बापाकडून आला असेल तर नर. पाठ्यपुस्तकांप्रमाणे सगळ्या सापांत पक्ष्यांसारखी झेड-डब्ल्यू पद्धत, म्हणजे नराची दोन्ही लिंगगुणसूत्रं सारखी. तसं असेल तर हा प्रकार घडायलाच नको. नागवर्गीय आणि इतर प्रगत सापांत झेड-डब्ल्यू खरीच आहे, आपल्याकडे एस. पी. रायचौधुरी आणि लालजी सिंग यांनी त्यावर मोठं काम केलं. पण २०१७ मध्ये टोनी गॅम्बल यांच्या गटाने एका बोआत आणि बर्मी अजगरात एक्स-वाय पद्धत असल्याचं दाखवलं. पाळणाऱ्यांनी पिल्लांचं लिंग ढिसाळपणे नोंदवलं असतं, तर 'बनाना'चं ते विचित्र प्रमाण गोंधळात बुडून गेलं असतं.

म्हणून गरज नसेल तर लिंग ओळखूच नका. गरज असेल तर आधी टाकलेल्या कातीवरून डीएनए चाचणी होते का ते बघा, त्यात सापाला हात लावावा लागत नाही. प्रोबिंग करावंच लागलं तर ते पुस्तक वाचून किंवा व्हिडिओ बघून शिकायचं काम नाही, अनुभवी पशुवैद्य किंवा सर्पतज्ज्ञाच्या शेजारी उभं राहून शिका, आणि नैतिक समितीची मंजुरी आधी घ्या. खाल्ल्यानंतर काही दिवस किंवा कात टाकायच्या बेतात असताना सापाला त्रास देऊ नका. नोंदवहीत 'नर/मादी' एवढंच नको. पद्धत, दोन्ही बाजूंचे खवले, कुणी मोजले, सगळं लिहा. शक्य असेल तर दुसऱ्याकडून, तुमचा आकडा न सांगता, पुन्हा मोजून घ्या. आणि रकान्यात तिसरा पर्याय ठेवा: 'अनिश्चित'. आमच्या तक्त्यात तो 'अ' असा लिहितो, आणि विश्लेषणात त्या ओळी वेगळ्या ठेवतो.