संशोधनात का जायचं? ‘बहुधा’ आणि ‘नक्की’

आजचा विषय विद्यार्थ्यांचा आहे, पण आईवडिलांनीही ऐकावा.

मी सैन्याच्या सिग्नल्स शाखेतून निवृत्त झालो आणि महूला घर केलं. जवळच इंदूरला माझा पुतण्या राहतो. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. “काका, पोरीला चांगली नोकरी मिळतेय आणि ती म्हणते संगणकशास्त्रात पीएचडी करायची. तुमचं ऐकेल. जरा समजवा.” त्याची काळजी खोटी नव्हती. घराचे हप्ते चालू आहेत. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात आणि शिष्यवृत्ती सुरुवातीला महिना ३७,००० रुपये. नोकरीचा पगार त्याच्या दुपटीहून जास्त होता.

रविवारी ती आली. अर्जासोबत द्यायचं निवेदन, मुलं ज्याला एसओपी म्हणतात, ते घेऊन. ‘लहानपणापासून संगणकाची आवड’, ‘देशासाठी काहीतरी करण्याची इच्छा’ असं सगळं त्यात होतं. मी म्हटलं, “बाळा, मी निवड मंडळावर बसलोय. अधिकारी व्हायला आलेला प्रत्येक मुलगा देशसेवाच सांगतो. माणूस कळतो तो पुढच्या प्रश्नाला. तुला सुटत नाही आणि सोडवतही नाही, असा प्रश्न कुठला?”

तिने कागद मागितला. त्यावर लिहिलं : दिलेली संख्या मूळ आहे का?

मूळ संख्या म्हणजे १ आणि स्वतःखेरीज कशानेही भाग न जाणारी. ७ मूळ, ९ नाही. हे शाळेतलं. पण आपले बँकेचे व्यवहार गुप्त ठेवायला तीनशेहून अधिक अंकी मूळ संख्या लागतात. एकेका संख्येने भागून बघायचं म्हटलं, तर दोन अंक वाढले की काम दहापट होतं. तीनशे अंकांना विश्वाचं वयही पुरणार नाही.

मग युक्त्या आल्या. ७ मूळ आहे, म्हणून २ चा सातवा घात १२८, त्यातून २ वजा केले की १२६, आणि त्याला ७ ने भाग जातो. सगळ्या मूळ संख्या ही परीक्षा पास होतात. पण ३४१ हीसुद्धा पास होते, आणि ती तर ११ गुणिले ३१ आहे! १९७० च्या दशकात गॅरी मिलर आणि मायकेल राबिन यांच्या कामातून याहून कडक परीक्षा तयार झाली. तीत मूळ नसलेली संख्या एका फेरीत निसटण्याची शक्यता फार तर चारात एक. वीस फेऱ्या घेतल्या की लाख कोटीत एकाहूनही कमी.

“मग झालं की,” मी म्हटलं.

“आजोबा, ते ‘बहुधा’ झालं. ‘नक्की’ नाही झालं.”

ते ‘नक्की’ २००२ च्या ऑगस्टमध्ये कानपूरच्या आयआयटीत सापडलं. प्रा. मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना. दोघे त्याच वर्षी बी.टेक. झालेले. त्यांच्या पदवीच्या प्रकल्पाची वाट याच दिशेची होती. नशिबावर न सोडता, सिद्ध न झालेलं काही गृहीत न धरता, आणि अंक वाढले तरी काम आवाक्याबाहेर न जाता उत्तर देणारी रीत त्यांनी दिली. २००६ मध्ये त्यांना गोडेल पारितोषिक मिळालं.

मी विचारलं, “म्हणजे आता बँका हीच रीत वापरतात?”

“नाही. ती हळू चालते. व्यवहारात अजून जुनीच परीक्षा वापरतात.”

“मग उपयोग काय?”

ती म्हणाली, “अशी रीत असू शकते की नाही, हेच आधी कुणाला माहीत नव्हतं. आता माहीत आहे.”

मी गप्प झालो. फौजेत आम्ही ‘बहुधा’वर हुकूम देत आलो, कारण थांबायला वेळ नसतो. ‘समोरची चौकी बहुधा रिकामी आहे’ असा संदेश आला की अधिकाऱ्याला झोप येत नाही, तरी पाऊल टाकावं लागतं. ‘नक्की’च्या मागे वर्षानुवर्षं जाणारी माणसं वेगळी असतात आणि देशाला तीही लागतात. त्यांचा शोध उद्याच कामाला येईल, अशी हमी मात्र कुणी देऊ नये.

विद्यार्थ्यांनो, पगार नको वाटतो म्हणून किंवा नावापुढे डॉक्टर लागावं म्हणून या वाटेला जाऊ नका. आधी एक करून बघा. सुट्टीत एखाद्या प्राध्यापकांकडे छोटा प्रकल्प मागा. एकच शोधनिबंध घ्या आणि शेवटच्या ओळीपर्यंत समजून घ्या. तीन आठवडे अडकलात आणि तरी चौथ्या सोमवारी वही आपोआप उघडलीत, तर तुमचं कारण खरं आहे. तेवढंच निवेदनात लिहा.

रात्री पुतण्याला फोन केला. म्हटलं, “समजवायला गेलो होतो, जमलं नाही. हप्त्यांचं आपण दोघे बसून बघू.” तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “काका, तिला नाहीच जमलं तर?”

मी म्हटलं, “तर नोकरी करेल. पण करून न बघता थांबली, तर तो प्रश्न तिला जन्मभर पुरेल.”

ती आता पहिल्या वर्षाला आहे. परवा फोनवर म्हणाली, दोन महिने अडकलेय. आवाज मात्र खुशीत होता.

जय हिंद.