दारिद्र्यवाचक मराठी शब्द : अर्थ आणि उपयोजन
(अहिल्यानगर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

गरीब, दरिद्री, निर्धन, कंगाल, नादार, रंक हे शब्द समानार्थी शब्दांच्या यादीत एका ओळीत येतात. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र त्यांपैकी एकाच्या जागी दुसरा चालत नाही. 'गरीब विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह' असा फलक लागतो. 'दरिद्री विद्यार्थ्यांसाठी' असा कोणी लावणार नाही. 'दरिद्री' या विशेषणाला कृपण, गचाळ, करंटा अशा अर्थच्छटा चिकटल्या असून त्यात दोषारोप आहे. 'दारिद्र्य' हे नाम मात्र या दोषारोपातून सुटले. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांच्या १९७१ मधील अभ्यासाने ज्या चर्चेला चालना दिली, त्या चर्चेत 'दारिद्र्यरेषा' ही संज्ञा सहज रुळली.

'गरीब' हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ परका, घरापासून दुरावलेला असा आहे. मराठीत त्याला निर्धनतेबरोबर सौम्यपणाचाही अर्थ लाभला. 'गरीब गाय' या प्रयोगात पैशाचा संबंधच नाही. परिणामी गरिबाने निमूट असावे, ही अपेक्षा शब्दातच शिरली. हक्काची मजुरी ठणकावून मागणारा माणूस कितीही निर्धन असला, तरी त्याला 'गरीब बिचारा' म्हटले जात नाही. संस्कृत 'दरिद्र' शब्दाची व्युत्पत्तीही धावणे, भटकणे या अर्थाच्या धातूकडे नेते. म्हणजे या दोन्ही शब्दांच्या मुळाशी द्रव्याचा अभाव नसून ठिकाणाचा अभाव आहे.

हा विस्मृत अर्थ अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात आजही प्रत्यक्ष दिसतो. याच जिल्ह्यात प्रवरा नदीच्या पाटपाण्यावर ऊस उभा राहिला आणि लोणी परिसरात १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. आणि याच जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या अवर्षणप्रवण तालुक्यांतून ऊसतोडणीसाठी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. मुकादमाच्या हिशेबात पतिपत्नी मिळून एक 'कोयता' असतो. एकटा मजूर 'अर्धा कोयता'. हंगामापूर्वी घेतलेली रक्कम ही 'उचल'. या व्यवहारात गरीब वा दरिद्री हे शब्द येतच नाहीत. माणसाचे नाव अवजाराला आणि कर्जाचे नाव एका क्रियापदाला मिळाले आहे.

शासनाची भाषा निराळ्या वाटेने गेली. १९६३ च्या एका अधिनियमाने राज्याच्या कायद्यांतील दुष्काळवाचक संज्ञा वगळून तिच्या जागी 'टंचाई' आणली. लोकांनी ती मानली नाही. १९७२ ची आठवण आजही 'बहात्तरचा दुष्काळ' अशीच निघते. १९९९ मध्ये पिवळ्या, केशरी व शुभ्र शिधापत्रिका आल्या आणि 'पिवळे कार्डवाले' हा नवा दारिद्र्यवाचक शब्द रूढ झाला. २००२ च्या दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या सर्वेक्षणात तेरा निकष होते व त्यांपैकी एक स्थलांतराच्या कारणाविषयीचा होता. 'दरिद्र' शब्दाचा जुना अर्थ असा नकळत सरकारी तक्त्यात परतला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमातील 'प्राधान्य कुटुंब' या संज्ञेत दारिद्र्याचा उल्लेखही उरला नाही. अवहेलना टळली हे खरे. परंतु ही संज्ञा कुटुंबाची अवस्था न सांगता केवळ त्याची पात्रता सांगते.

महाविद्यालयाशी निकटचा संबंध असलेले शब्द दोन. शुल्कमाफीला पूर्वी 'नादारी' म्हणत. फारसी 'नादार' म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही तो. आता २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेमुळे हा शब्द कंपन्यांच्या वाट्याला आला आहे. दुसरा शब्द 'परिस्थिती'. स्वतःला गरीब म्हणवून घेणे स्वाभिमानाला जड जाते. म्हणून 'परिस्थिती बेताची आहे', 'हातावर पोट आहे' असे म्हटले जाते. 'परिस्थिती नाही' या प्रयोगात तर अभावाचे नावही घेतलेले नसते. अर्जात मात्र 'घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असल्याने' हे ठरीव वाक्य उतरवले जाते आणि सर्वच अर्जांत ते असल्याने छाननी करणाऱ्याला ते पोकळ वाटू लागते. पालकाच्या व्यवसायाच्या रकान्यात 'शेती' एवढेच लिहिलेले असते. दिवाळीनंतर घरी कोण असते, हा प्रश्न विचारला, तरच त्या 'शेती'मागचा कोयता अर्जावर येतो.