ऐकू कमी येते; पण दोष नेमका कुठे?

आजोबांना दोनदा हाक मारावी लागते, टीव्हीचा आवाज वाढत जातो, घरातले म्हणतात, "वय झालं." दोन वर्षांचे मूल बोलत नाही, आजी म्हणते, "त्याचा बापही उशिराच बोलला होता." गेवराई तालुक्यातील उमापूर असो की मराठवाड्यातील दुसरे गाव, बहिरेपणाकडे बहुधा असेच पाहिले जाते. पण बहिरेपणा हा एकच आजार नाही. दोष कानाच्या कोणत्या भागात आहे, यावर उपचार ठरतात.

आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो. पडद्यामागची तीन चिमुकली हाडे ती कंपने आत नेतात. आंतरकर्णातील शंखाकृती भागात केसांसारखी टोके असलेल्या नाजूक पेशी असतात. त्या कंपनांचे विद्युत संदेश करतात आणि श्रवणतंतू ते मेंदूपर्यंत पोहोचवतो.

पहिला प्रकार वहनदोषाचा. यात आवाज आतपर्यंत नीट पोहोचत नाही. घट्ट बसलेला मळ, पडद्याला छिद्र, मध्यकर्णात साचलेले पाणी, जखडलेली हाडे ही त्याची कारणे. औषधे किंवा शस्त्रक्रियेने यात बरेचदा सुधारणा होते. मात्र कान वाहत असेल तर उपचार अर्धवट सोडू नयेत. ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या कुटुंबांतील मुलांबाबत हे विशेष जपायला हवे. दुर्गंधीयुक्त पू येत असेल तर आतले हाड झिजत असू शकते आणि संसर्ग मेंदूपर्यंतही जाऊ शकतो. कानात तेल, काडी किंवा पिन घालणे म्हणजे दुखण्यात भर.

दुसरा प्रकार आंतरकर्ण किंवा श्रवणतंतूच्या दोषाचा. नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. वाढते वय, मोठा आवाज, गोवर, गालगुंड, मेंदूज्वर आणि जेंटामायसिनसारखी काही औषधे ही कारणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित; १०० डेसिबल मात्र जेमतेम २० मिनिटे. डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. अशा रुग्णांना श्रवणयंत्राचा, तीव्र दोषात कॉक्लिअर इम्प्लांटचा उपयोग होतो.

दोन्ही दोष एकत्र असतील तर तो मिश्र बहिरेपणा. वर्षानुवर्षे कान वाहिलेल्या ज्येष्ठांमध्ये तो आढळतो.

दोन बाबतींत वेळ दवडू नये. एका कानाने अचानक, तास-दोन तासांत किंवा रातोरात ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची अवस्था समजावी. स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर ऐकू येणे परतण्याची शक्यता अधिक असते.

दुसरी बाब तान्ह्या बाळाची. गरोदरपणातील रुबेला, जन्मानंतरची तीव्र कावीळ, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि नात्यातील लग्न यांमुळे जन्मजात किंवा अगदी लहानपणीच्या बहिरेपणाचा धोका वाढतो. बाळाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत. मूल ऐकूनच बोलायला शिकते. ती वर्षे पुन्हा येत नाहीत.

बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथील कान-नाक-घसा विभागात दाखवावे. अंगणवाडी व शाळेतील मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही होते. "वय झालं" किंवा "बोलेल हळूहळू" असे ठरवण्याआधी एकदा कान तपासून घ्यावा.