बुंदीची ऊब, व्हाया काटेवाडी

‘‘पोरी, तू पाल पाळलीस? आणि वर तिला फरशी तापवून देतीस?’’

व्हिडिओ कॉलवर अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांच्या मागे काटेवाडीतलं आमचं पोल्ट्रीचं शेड. इकडे मी टोरांटोत, अकराव्या मजल्यावर. खिडकीबाहेर उणे १५. आणि माझ्या तळहातावर बुंदी!

बुंदी म्हणजे लेपर्ड गेको. पिवळ्या अंगावर बुंदी सांडावी तसे काळे ठिपके, म्हणून हे नाव. ही जात मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या खडकाळ मुलखातली. बुंदीचा जन्म मात्र इथलाच, एका ब्रीडरकडचा. आपल्या घरातल्या पालीसारखी ती भिंतीवर चढत नाही, कारण पायाला चिकटणाऱ्या गाद्याच नाहीत. शिवाय चक्क पापण्या मिटून झोपते. आयुष्य १५ ते २० वर्षं. थोडक्यात काय, तर होम लोनएवढी कमिटमेंट!

आता खरा मुद्दा. पालीचं शरीर आपल्यासारखं स्वतःची उष्णता तयार करत नाही. रानात दिवसभर तापलेल्या दगडावर ती संध्याकाळी पोट टेकते, तेव्हा कुठे खाल्लेलं पचतं. हे वाचून मी जाम उत्साहात काचेच्या टाकीच्या पूर्ण तळाखाली हीट मॅट पसरली, वर दिवाही लावला. एवढी थंडी, बिचारीला ऊब नको का?

चार दिवसांनी बुंदीनं खाणं सोडलं. आठव्या दिवशीही किडे तसेच. पाण्याच्या वाटीला चिकटून नुसती पडलेली. तिची चरबी शेपटीत साठते, आणि ती शेपटीच बारीक दिसायला लागली. गार पडली असेल म्हणून मी उष्णता आणखी वाढवणार होते. तेवढ्यात अण्णांचा फोन आला.

‘‘बसलीय कुठं ती?’’

‘‘कोपऱ्यात. दिव्यापासून लांब.’’

‘‘मग गार कुठलं? भाजतीय ती! ब्रूडरमधली पिल्लं विसरलीस व्हय?’’

नव्हते विसरले. लहानपणी नवी बॅच आली की मी शेडमध्येच असायचे. भाताचं तूस, त्यावर वर्तमानपत्र, भोवती पत्र्याचं गोल कडं आणि मध्ये बल्ब. पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. पण अण्णा थर्मामीटरआधी पिल्लांकडे बघायचे. बल्बखाली गोळा झाली तर गारठलीत. कडेला पळून चोची वासून बसली तर गरम होतंय. सगळीकडे पसरली की बेस्ट!

प्रोबचा थर्मामीटर आणून फरशीवर टेकवला. ४१ अंश! मायेपोटी मी तिला शेकून काढत होते.

त्याच रात्री सगळं बदललं. दिवा बंद. हीट मॅट एकाच बाजूला, तळाच्या जेमतेम एक तृतीयांश भागाखाली, आणि तीही थर्मोस्टॅटवर. थर्मोस्टॅटचा प्रोब मॅटच्या वरच्या फरशीवर. तिथे ३२ अंश, दुसऱ्या टोकाला २५. वाळू काढली, कारण ती पोटात जाऊन अडकू शकते. त्याऐवजी साधी टाइल. लपायला तीन जागा: एक गरम, एक थंड आणि कात टाकायला एक दमट. पिल्लांना पुढे पिसं फुटतात, त्यांचा बल्ब काढता येतो. बुंदीचा कधीच निघणार नाही. म्हणून तिला ऊब हवी तशी सावलीही हवी. कधी कुठे बसायचं, ते तिचं ती ठरवेल.

तिसऱ्या रात्री ती गरम दगडीवर पोट टेकून बसली. पाचव्या रात्री किडा गट्टम!

मला जे चार पैसे खर्चून आणि इतकी पानं वाचून कळलं नाही, ते अण्णांनी सात समुद्रापलीकडून एका प्रश्नात ओळखलं. यंत्रं हवीतच, पण आधी जनावर कुठं बसलंय ते बघा.

आणि हो, हे वाचून कुणी माळरानावरची पाल उचलून घरी आणू नका. बुंदीची एक चुलत बहीण महाराष्ट्र-गुजरातेत राहते. लोक तिला विषारी समजून ठेचतात. प्रत्यक्षात गेको जातीची एकही पाल विषारी नाही. तिला ऊब द्यायला आपला माळ समर्थ आहे. तिची जागा तीच.

हे अण्णांनाही सांगितलं. ते ‘‘हं’’ म्हणाले, एवढंच. पण हल्ली फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘जेवली का?’’

मी आपली सांगायला लागते, काय केलं, काय खाल्लं...

‘‘तू नव्हं गं. बुंदी!’’