राखणदारच चोरीला गेला तर?



पूर्वी घराची राखण कुत्रा करी. गावाची राखण जागल्या करी. आज पुष्कळ घरांवर एक लहानसा डोळा बसवलेला दिसतो. त्याला आपण कॅमेरा म्हणतो. रात्री आपण झोपतो, पण हा डोळा झोपत नाही. अंगणात कोण आले, गोठ्यात कोण शिरले, ते तो टिपून ठेवतो. मुलगा पुण्या-मुंबईला नोकरीला असला, तरी त्याला मोबाईलवर घरचे अंगण दिसते.

पण हा राखणदारच चोराने उचलून नेला तर? मग काय करावे? ते आज आपण पाहू.

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा.

पहाट झाली. अण्णा धार काढायला गोठ्याकडे निघाले. सवयीने त्यांनी पडवीच्या खांबाकडे पाहिले. खांबावर कॅमेरा नाही! नुसती वायर लोंबते आहे. अण्णांनी हाक मारली. शेजारीपाजारी जमले. एक जण म्हणाला, “काल तो भंगारवाला आला होता. सारखा वर बघत होता. त्यानंच नेला!” दुसरा म्हणाला, “तो अजून स्टँडवर असंल. चला, धरू त्याला!” दोघा-तिघांनी काठ्याही उचलल्या.

इतक्यात अण्णांनी पुण्याला मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, “अण्णा, कुणालाही जाऊ देऊ नका. मी आधी मोबाईलमध्ये बघतो.”

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. कॅमेऱ्याने रात्री २ वाजून १० मिनिटांनी शेवटचे चित्र पाठवले होते. चित्रात एक उंच, तरणा माणूस होता. तोंडाला रुमाल होता. हातात कडे होते. भंगारवाला तर साठीचा आणि ठेंगणा! सगळ्यांच्या माना खाली गेल्या. काठ्याही खाली आल्या.

“चोर सोडून संन्याशाला फाशी” अशी आपल्यात म्हण आहे. त्या सकाळी ती खरी व्हायची थोडक्यात चुकली.

डोळा गेला, पण पाहिलेले कोठे राहते?

तुम्ही विचाराल, कॅमेराच नेला, मग चित्र राहिले कसे? कॅमेरा पाहिलेले चित्र तीन ठिकाणी साठवू शकतो.

पहिले ठिकाण म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातले मेमरी कार्ड. हे नखाएवढे असते. कॅमेरा गेला की कार्डही त्याच्याबरोबर जाते.

दुसरे ठिकाण म्हणजे घरात ठेवलेली पेटी. तिला डी.व्ही.आर. म्हणतात. कॅमेरा बाहेर आणि पेटी आत असते. चोराने पेटी नेली नसेल, तर चित्रे शाबूत असतात.

तिसरे ठिकाण म्हणजे कंपनीचा दूरचा संगणक. इंटरनेटवरून चित्रे तिकडे जाऊन साठतात. त्यासाठी बहुधा दरमहा किंवा दरसाल पैसे भरावे लागतात. कॅमेरा चालू आहे तोवर तो चित्रे पाठवत राहतो. म्हणून कित्येकदा चोर स्वतःचेच चित्र देऊन जातो. अण्णांच्या मुलाने अशी सोय केली होती.

आपल्या घरी यांपैकी कोणती सोय आहे, ते कॅमेरा बसवणाऱ्याला आजच विचारून ठेवा.

पहिल्या तासात काय करावे?

१. जागेला हात लावू नका. चोराने शिडी, स्टूल किंवा पक्कड टाकली असेल, तर ती तशीच राहू द्या. तिच्यावर बोटांचे ठसे असू शकतात. उघड्या वायरीला तर मुळीच हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. मुलांना आणि जनावरांना दूर ठेवा.

२. चित्र जपून ठेवा. पेटीत काय किंवा कंपनीच्या संगणकात काय, जागा मर्यादित असते. काही दिवसांनी जुनी चित्रे पुसली जातात आणि त्यांवर नवी चढतात. म्हणून त्याच दिवशी चित्र मोबाईलमध्ये उतरवून घ्या. मूळ चित्र पुसू नका, कापू नका. ते पुढे कोर्टात पुरावा होऊ शकते. अशा पुराव्यासोबत एक प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याबद्दल पोलिसांना विचारा. वाटेवरच्या दुकानावर किंवा दूध डेअरीवर कॅमेरा असेल, तर त्यांनाही त्या रात्रीचे चित्र राखून ठेवायला सांगा.

३. घाईने मोबाईलमधून कॅमेऱ्याचे नाव काढून टाकू नका. नाव काढले, तर साठवलेले चित्रही जाण्याची भीती असते. शिवाय पुष्कळ कॅमेरे असे असतात, की जुन्या मालकाने नाव काढल्याशिवाय ते दुसऱ्याच्या मोबाईलवर चालत नाहीत. म्हणजे नाव तसेच राहिले, तर चोराला तो कॅमेरा वापरणे अवघड जाते. चोरलेला कॅमेरा पुन्हा चालू झालेला दिसला, तर एकटे तिकडे धावू नका. पोलिसांना दाखवा.

४. पासवर्ड बदला. कॅमेरा घरच्या वायफायवर चालत असेल, तर वायफायचा पासवर्ड त्याच्या आत साठलेला असतो. तो बदला. मोबाईलमधल्या कॅमेऱ्याच्या खात्याचाही पासवर्ड बदला. कॅमेऱ्यात सिमकार्ड असेल, तर सिमच्या कंपनीला फोन करून ते बंद करायला सांगा. आपल्या नावावरचे सिम चोराच्या हाती राहू देऊ नये.

५. कागद शोधा. कॅमेऱ्याचे बिल आणि खोके पाहा. खोक्यावर एक लांब क्रमांक छापलेला असतो. तो प्रत्येक कॅमेऱ्याचा वेगळा असतो. हा क्रमांक म्हणजे कॅमेऱ्याची ओळख. “पांढरा, गोल कॅमेरा” एवढ्यावर ओळख पटत नाही, कारण पांढरे, गोल कॅमेरे बाजारात ढिगाने मिळतात. घराचा विमा असेल, तर विमा कंपनीलाही लगेच कळवा.

पोलीस ठाण्यात कसे बोलावे?

गावात पोलीस पाटील असतात. त्यांना आधी सांगा. चोर अजून आसपास असेल किंवा जिवाला धोका वाटत असेल, तर ११२ या क्रमांकावर फोन करा. मग पोलीस ठाण्यात जा.

१ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. चोरीची शिक्षा भारतीय न्याय संहितेत सांगितली आहे. तक्रारीची रीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. तिचे कलम १७३ आपल्या फार उपयोगाचे आहे. त्यातील चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक : दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. “ही आमची हद्द नाही” म्हणून परत पाठवता येत नाही.

दोन : खबर तोंडी दिली, तर पोलीस ती लिहून घेतात. लिहिलेले तुम्हाला वाचून दाखवायचे असते. मग त्यावर तुमची सही होते. मोबाईलवरून किंवा संगणकावरून खबर दिली, तर तीन दिवसांत सही करावी लागते.

तीन : नोंदलेल्या खबरीची नक्कल तुम्हाला फुकट मिळते. ती मागून घ्या.

चार : ठाण्यात खबर घेतली नाही, तर तीच खबर लिहून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते. तिथेही दाद लागली नाही, तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. साध्या चोरीत वस्तूची किंमत ५००० रुपयांहून कमी असेल, तर तो गुन्हा अदखलपात्र मानला जातो. पोलीस त्याची नोंद करतात, पण मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास करू शकत नाहीत. राहत्या घरातली चोरी मात्र दखलपात्र असते. तिला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून कॅमेरा नेमका कोठे होता, चोर कोठवर आत आला, ते नीट सांगा. कॅमेऱ्याबरोबर कार्ड, सिम, वायर किंवा आणखी काही गेले असेल, तर तेही सांगा. पण किंमत फुगवू नका. बिल जे बोलते, तेच तुम्ही बोला. नोंद अदखलपात्र झाली, तरी तिचाही कागद घ्या.

अंगठा की सही?

ठाण्यात पुष्कळ लोक घाबरतात. कागद पुढे आला की न वाचता अंगठा उठवतात. तुम्ही आता अक्षरे शिकला आहात. ती अशाच दिवसासाठी शिकला आहात! कागद हातात घ्या. सावकाश वाचा. तारीख बरोबर आहे का, क्रमांक बरोबर आहे का, ते पाहा. तुम्ही ज्याचे नाव घेतले नाही, अशा माणसाचे नाव त्यात आले आहे का, तेही पाहा. चूक असेल, तर नम्रपणे म्हणा, “साहेब, एवढं दुरुस्त करा.” मगच सही करा.

शक्य असेल, तर अर्ज घरूनच लिहून न्या. नमुना असा :

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
पोलीस ठाणे …………

विषय : घरावरील कॅमेरा चोरीस गेल्याबाबत.

महाशय,

मी खाली सही करणार, राहणार …………, तालुका …………, तक्रारअर्ज लिहून देतो की, दिनांक ………… रोजी रात्री माझ्या राहत्या घराच्या पडवीतील कॅमेरा चोरीस गेला. रात्री १० वाजता कॅमेरा जागेवर होता. पहाटे ५ वाजता तो दिसला नाही. कॅमेऱ्याचा क्रमांक ………… असा आहे. किंमत बिलाप्रमाणे ………… रुपये आहे. रात्री २ वाजून १० मिनिटांचे चित्र आमच्याकडे आहे. चित्रातील माणसाला मी ओळखत नाही. तरी माझी तक्रार नोंदवून घ्यावी व नक्कल मिळावी, ही विनंती.

सोबत : बिलाची प्रत.

आपला,
(सही व मोबाईल क्रमांक)

“चित्रातील माणसाला मी ओळखत नाही,” हे वाक्य पुन्हा वाचा. ओळखत असाल, तर नाव जरूर लिहा. नुसता संशय असेल, तर “संशय आहे” असे लिहा आणि संशयाचे कारण द्या. पाहिलेले आणि वाटलेले यांत फार अंतर असते.

दखलपात्र गुन्ह्याचा तपास कोठवर आला, हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवावे, असा कायदा आहे. म्हणून नक्कल जपून ठेवा आणि वेळेवर चौकशी करा. कॅमेरा सापडला, तर तो मुद्देमाल म्हणून जमा होतो. कोर्टाच्या हुकमाने तो परत मिळतो. त्या वेळी बिल आणि क्रमांक पुन्हा उपयोगी पडतात.

चित्र गावभर फिरवू नका

चोराचे चित्र हाती आले की व्हॉट्सॲपवर टाकावेसे वाटते. “हा चोर, दिसला की धरा!” असे लिहावेसे वाटते. पण थांबा. अंधारातले चित्र फसवे असते. रुमाल बांधलेला चेहरा दहा जणांसारखा दिसतो.

अफवेने काय होते, ते आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ती भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथेही अफवांनी डोकी भडकली. जमावाने दोन साधूंना व त्यांच्या गाडीच्या चालकाला ठार मारले. मारले गेलेले परत आले नाहीत. मारणाऱ्या गावांतील कितीतरी जण पोलीस आणि कोर्टाच्या फेऱ्यांत सापडले.

कॅमेरा दोन-चार हजारांचा. माणसाच्या जिवाला किंमत नाही. चित्र पोलिसांना द्या. फिरवायचे की नाही, ते त्यांना ठरवू द्या.

पुन्हा बसवताना

नवा कॅमेरा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर बसवा. वायर पाइपातून न्या. पेटी घरात कुलपात ठेवा. दोन कॅमेरे असतील, तर एकाला दुसरा दिसेल असे बसवा. क्रमांक वहीत लिहा आणि बिल रेशनकार्डाजवळ ठेवा. बिलाशिवाय कोणी स्वस्तात कॅमेरा विकायला आला, तर घेऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही गुन्हा आहे.

आता अण्णांकडे परत जाऊ. त्या दिवशी दुपारी भंगारवाला नेहमीप्रमाणे दारावरून गेला. सकाळी काय घडणार होते, ते त्याला ठाऊकही नव्हते. अण्णांनी त्याला हाक मारली. पडवीत बसवून चहा दिला. कॅमेरा अजून सापडलेला नव्हता. पण अण्णांच्या मनावरचे ओझे उतरले होते.

वाचा, विचार करा, उत्तरे लिहा

१. कॅमेरा पाहिलेले चित्र कोणत्या तीन ठिकाणी साठवतो?
२. कागदावर सही करण्यापूर्वी काय काय पाहावे?
३. तुमच्या घरातील कॅमेऱ्याचा किंवा मोबाईलचा क्रमांक शोधून वहीत उतरवा.